सोन्याच्या काउंटरवरचा गुरुवार

जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर मी दागिने विकण्याचं काम करते. आमचं घर ख्रिस्ती. मंडळीतल्या बायका मला बरेचदा विचारतात, "दिवसभर सोन्यात हात असतो तुझा, मग देव पहिला कसा राहतो गं?" या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून एक दिवसच सांगते. दिवस गुरुपुष्याचा घेते. त्या दिवशी सोनं घ्यायला अख्खा जिल्हा जळगावात उतरतो, आणि माणसाला काय काय हवं असतं ते माझ्या काउंटरवर उघडं पडतं. माझं स्वतःचंही पडतं.

पहाटे ४.४५

आज नळाचा दिवस आहे. पाणी यायच्या आत मला माझी पाऊण तासाची शांतता हवी असते, म्हणून गजर लवकरचा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा हा आमच्या घरचा नियम आहे. तो उशाशी असला की डोळे उघडताच आधी सोन्याचा भाव बघितला जातो, मग स्टेटस, मग कोणाच्या तरी वास्तूचे फोटो. देवापुढे बसेपर्यंत मनात दहा मागण्या तयार झालेल्या असतात आणि प्रार्थनेच्या नावाखाली त्याच वाचून दाखवल्या जातात.

आज मत्तयाचा सहावा अध्याय वाचायला घेतला आहे. येशू आधी कसर आणि जंग लागणाऱ्या धनाविषयी बोलतो, मग एका चाकराला दोन धनी सांभाळता येत नाहीत असं सांगतो, आणि त्यानंतर खाण्यापिण्याच्या, कपड्यालत्त्याच्या काळजीत बुडालेल्यांना पाखरं आणि रानफुलं दाखवतो. देवाचं राज्य आधी शोधायला सांगणारं वचन या सगळ्याच्या शेवटाला येतं. मला यात एका गोष्टीचा मोठा आधार वाटतो. भाकरीची, कपड्याची गरज खोटी आहे असं येशू म्हणत नाही. तुमच्या बापाला ती माहीत आहे, असं म्हणतो. म्हणजे इच्छा मारून टाकायला त्याने सांगितलेलं नाही. कोण आधी आणि कोण नंतर, एवढं ठरवायला सांगितलं आहे. आणि हे ठरवायचं ते इच्छा दारात येऊन उभी राहायच्या आधी. ती आली की मग माणसाला काही ठरवता येत नाही, नुसती कारणं सुचत जातात.

५.३०

पाणी आलं. टाकी, पिंप, हंडे. एकीकडे कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा. सहाच्या सुमारास तिघं एकत्र बसतो. उपासनासंगीतातलं रेव्हरंड टिळकांचं एक गीत, एक स्तोत्र, छोटी प्रार्थना. दहा मिनिटांत होतं. दहाच मिनिटं असली तरी ती रोज होतात, आणि चहा त्यानंतरच मिळतो.

६.१५

आमच्या यांचा टेम्पो आहे. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनतात, त्या गाठी भरून हे धुळ्याला पोचवतात. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. सणासुदीच्या तोंडावर व्यापारी रविवारचीही खेप सांगतात आणि भाडं वाढवून देतात. टेम्पोचा हप्ता डोक्यावर असताना वाढीव भाड्याला नाही म्हणणं सोपं नाही. यांनी गाडी घेतली त्याच दिवशी व्यापाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, की रविवारी दुपारी दोनपर्यंत गाडी निघणार नाही. त्यानंतर म्हणाल तिथे येतो. दोन व्यापारी त्यामुळे तुटले. बाकीच्यांनी हळूहळू आपलं वेळापत्रक बसवून घेतलं.

आम्हाला रविवारचा धाक नाही. शब्बाथ माणसासाठी आहे हे येशूनेच सांगितलं. पण सहा दिवस ज्याच्या हातात चाक आहे, त्याने एक सकाळ तरी ते सोडून दाखवावं. नाहीतर गाडी आपली आहे की आपण गाडीचे आहोत, हे कळायला मार्ग राहत नाही.

७.००

लेक बारावीला आहे, नीटची तयारी करते. क्लासची सराव परीक्षा रविवारी सकाळी असते, नेमकी उपासनेच्या वेळेला. खानदेशातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात जा, आज सगळ्यात मोठी ओढाताण इथे आहे. पैशाचा मोह आपला आपल्याला दिसतो. लेकराच्या भविष्याचा मोह प्रेमाचे कपडे घालून येतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

मागे एकदा तिच्या आजीकडे धुळ्याला गेलो असताना मी लेकीला तिथल्या तुरुंगाची हकिगत सांगितली होती. १९३२ साली विनोबा त्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि सोबत असलेल्या साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. ती परंपरा आमची नाही, पण धडा आमच्याही कामाचा आहे. तुरुंगात माणसाच्या हातात स्वतःचं काहीच नसतं. तिथेसुद्धा त्या माणसांनी आठवड्यातली एक वेळ वरच्या गोष्टीसाठी राखून ठेवली. राखलेल्या वेळेतूनच काहीतरी टिकाऊ उभं राहतं.

शेवटी लेकीने स्वतःच क्लासच्या सरांशी बोलून घेतलं. शक्य असेल तेव्हा पेपर तिला रविवारी दुपारी बसवून देतात. नसेल तेव्हा तो बुडतो आणि यादीत तिचा नंबर खाली जातो. ती यादी फळ्यावर लागते, मैत्रिणी बघतात, तिला लागतं. मी तिला 'काही नाही होत' असं म्हणत नाही, कारण होतं. देवाला पहिलं ठेवण्याची किंमत असते आणि ती खरोखर मोजावी लागते, हे लेकरांपासून लपवू नये. मात्र तिचा क्रम तिने लावायचा. मी लावून दिलेला क्रम हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात गळून पडेल.

९.३०

रिक्षाने टॉवर चौकापर्यंत, पुढे चालत. रस्त्याभर प्लॉटच्या जाहिराती. एनए प्लॉट, सुलभ हप्ते, ताबा लगेच. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे ती एकेक पाटी माझ्याशी नाव घेऊन बोलते. स्वतःचं घर हवं असणं हे पाप नाही. हाग्गय संदेष्टा इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास यरुशलेमात बोलला, ते मात्र अशा पाट्यांखालून जाताना आठवतं. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी स्वतःची घरं लाकडी तक्तपोशीने सजवली होती आणि मंदिर पडीकच होतं. त्यांची मजुरी भोक पडलेल्या थैलीत पडते आहे, असं तो म्हणाला. घरं का बांधली, असं काही त्याने विचारलं नाही. त्याचा सवाल क्रमाचा होता.

आमचा पगार झाला की दशांश आधी पाकिटात जातो. किराणा, भाडं, हप्ता, फी भागवून उरेल त्यातून नाही. उरेल त्यातून द्यायचं ठरवलं, तर कधीच उरत नाही.

१०.१५

शटर वर गेलं. गुरुपुष्य म्हणून पेढीवर पूजा आहे. शेठ, त्यांच्या घरचे, बाकी कामगार गादीपाशी जमलेले. मी मागच्या बाजूला शांत उभी असते. माझा विश्वास काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यांनी मला कधी आग्रह केलेला नाही. त्यांच्या श्रद्धेपुढे मी मान राखून उभी राहते. माझ्या मनात मात्र पौलाने कलस्सैकरांना लिहिलेलं पत्र असतं. त्यात त्याने लोभालाच मूर्तिपूजा म्हटलं आहे. म्हणजे पहिली आज्ञा मोडण्याची भीती मला समोरच्या पूजेकडून नाही, माझ्या काउंटरखालच्या ट्रेकडून आहे.

पूजा झाली की ट्रे बाहेर निघतात आणि मी काटा लावते. आमचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. त्याला चारी बाजूंनी काचेची पेटी असते, कारण पंख्याचा वारा लागला तरी शेवटचा आकडा हलतो. दार लावायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, शून्य आलं की मगच वजन घ्यायचं. आधीच काही मिलिग्रॅम चढलेले असले, तर पुढची सगळी वजनं चुकतात, आणि चुकली आहेत हे कोणाला कळतही नाही. पहाटेची पाऊण तासाची बैठक माझ्यासाठी हेच करते.

११.०० ते १.३०

गर्दी. यावल-रावेरकडचे केळीवाले शेतकरी, भुसावळचे रेल्वेवाले, चाळीसगावहून सकाळच्या गाडीने आलेली मंडळी. २०२५ मध्ये तोळ्याने लाखाचा टप्पा ओलांडला, तरी गुरुपुष्याची गर्दी हटलेली नाही. फक्त दागिने हलके झाले आहेत. पूर्वी जो माणूस तोळ्यात बोलायचा, तो आता ग्रॅममध्ये बोलतो.

बाराच्या सुमारास शेतमजुरी करणारी एक आजी आली. सोबत धाकटा मुलगा, त्याचं लग्न ठरलेलं. आजीने कनवटीची पिशवी सोडून जुनी पोत काढली. "बेटा, खरं सांग, यात कितीचं निघीन?" होणाऱ्या सुनेच्या मंगळसूत्राच्या वाट्या तिला त्यातून करायच्या होत्या.

जुन्या पोतीत सगळंच सोनं नसतं. मण्यांच्या आत लाख असते, काळे मणी असतात, दोरा असतो. ते सगळं वजा करून, टंच बघून, घट धरून हिशेब होतो. तो हिशेब गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही, आणि नेमकं तिथेच माणूस देवापुढे उभा असतो. मी पोत तिच्यासमोर उसवली. मणी वेगळे केले. कॅरेट मीटरवरचा आकडा तिच्या मुलाला वाचायला लावला. काट्याची काच लावून, आकडा स्थिर झाल्यावर वजन त्यालाच लिहायला सांगितलं.

मग वाट्या दाखवायच्या होत्या. आम्हाला महिन्याचं टार्गेट असतं आणि जास्त घडणावळीच्या मालावर इन्सेन्टिव्ह असतो. गुरुपुष्याला तो आणखी वाढतो. नक्षीच्या वाट्यांचा ट्रे माझ्या उजव्या हाताशी होता. मी तो काढला असता आणि "लग्न एकदाच होतं माय" एवढं म्हटलं असतं, तर तिने उसनवारी करून का होईना त्या घेतल्या असत्या. हे वाक्य या बाजारात रोज बोललं जातं आणि ते खोटंही नाही, म्हणून जास्त धोक्याचं आहे. मी साध्या वाट्या काढल्या. वजन कमी, घडणावळ कमी. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी भिंगातून दाखवला. १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पोतीच्या पैशात वाट्या बसल्या, वर थोडे पैसे परत गेले.

नीतिसूत्रांत खोट्या तराजूची देवाला किळस येते असं सांगितलं आहे. आमच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे, तो दर वर्षी तपासला जातो. माझ्या बोलण्यावर असा शिक्का कुठलं खातं मारत नाही. ते मलाच तपासावं लागतं, प्रत्येक गिऱ्हाइकामागे.

२.१०

डबा. आणि आईचा फोन, धुळ्याहून. "पोरी, जेवनी का?"

आई मूळची नवापूरकडची. तिकडे पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम होतं. १९४९ नंतर ते टीम या नावाने ओळखलं जाऊ लागलं. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ चं, आणि ते आजही चालू आहे. आईने आयुष्यभर परिचारिकेचं काम केलं. सासरची मंडळी दुसऱ्या बाजूची, भुसावळ-जळगावकडच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या परंपरेतली. आईचा पगार तुटपुंजा होता. तरी पगाराच्या दिवशी ती पहिली नोट वेगळी काढून पवित्र शास्त्रात ठेवायची आणि मग आम्हाला चपला घ्यायला न्यायची. आधी आणि नंतर म्हणजे काय, ते मी तेव्हाच बघितलं.

आज ती सांगत होती, की उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, डॉक्टर उशीर नको म्हणतात, पण ती शिबिर लागेपर्यंत थांबणार आहे. पैशाचं ती बोलली नाही. बोलणारही नाही.

योगायोग असा, की पेढीवरच्या आम्हा बायकांच्या भिशीत या महिन्याचा नंबर माझा आहे. ४०,००० रुपये सकाळीच हातात पडले. त्या पैशांवर तीन हक्कदार मनात आधीपासून बसलेले होते. लेकीसाठी झुबे बघून ठेवले होते. मंडळीच्या सभागृहाचे पत्रे बदलायचे आहेत, त्याला काही द्यायचं मनात होतं. आणि उरलं तर प्लॉटच्या बयाण्यासाठी बाजूला टाकायचे होते. आईचा डोळा या यादीत कुठेच नव्हता.

देवाला पहिलं ठेवायचं म्हटल्यावर वरवर बघता पत्र्यांचा नंबर पहिला लागतो. पण मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने नेमक्या याच चालीवर कडक शब्दांत बोट ठेवलं आहे. लोक आपली मालमत्ता 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेली असं जाहीर करत, आणि मग आईबापांना द्यायला काही उरलं नाही म्हणत. देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा मोडण्याचा हा मार्ग होता. देव पहिला आहे म्हणून आई दुसरी, असा हिशेब त्याला मान्य नाही. आईकडे पाठ करून त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही.

अशा वेळी मला रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १९१७ मध्ये रेव्हरंड टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते गेले. देवासाठी सगळं सोडणारा तो माणूस फार मोठा होता; त्याची गीतं आम्ही आजही रोज गातो. पण लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसतं, की हाताशी येईल ते देऊन टाकणाऱ्या माणसाचं घर चालवण्याचा भार कोणी वाहिला. लक्ष्मीबाईंनी तो तक्रारीपेक्षा प्रेमाने जास्त लिहिला, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही पुढे त्यांनीच पूर्ण केलं. त्यांच्याकडून मी हे शिकले, की घरात एकाने देवाला काही वाहिलं की त्याचं बिल कोणाकडे जातं ते बघावं. मला जे द्यायचं, ते माझ्या इच्छेतून गेलं पाहिजे. आईच्या दृष्टीतून किंवा लेकीच्या फीतून नाही.

डबा बंद करायच्या आत धुळ्याच्या डॉक्टरांकडे फोन करून पुढच्या आठवड्याची तारीख घेतली. मग आईला कळवलं. ती रागावली, मग गप्प झाली, मग म्हणाली की येताना भरताची वांगी आण.

४.००

थोडी उसंत. ते झुबे अजून ट्रेमध्ये आहेत. तीन ग्रॅम आणि वर काही मिलिग्रॅम, खाली बारीक मोत्यांचा घोस, मागे फिरकी. मी ते हातावर घेतले. लेकीच्या कानात कसे दिसतील ते मला डोळे उघडे ठेवूनही दिसत होतं. हवेसे वाटले, आणि हवेसे वाटले याची मला लाज वाटली नाही. आई म्हणून ती इच्छा चांगलीच आहे.

सोन्याच्या काउंटरवर काम करायला लागल्यापासून निर्गमाचं पुस्तक मी वेगळं वाचते. बत्तिसाव्या अध्यायात मोशे डोंगरावर असताना लोक अस्वस्थ होतात, आणि अहरोन त्यांच्या बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडलं मागून घेतो. त्यातून वासरू ओतलं जातं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढे पस्तिसावा अध्याय येतो, तो फारसा कोणी सांगत नाही. तिथे तेच लोक निवासमंडपासाठी दागिने घेऊन येतात, आणि त्या यादीतही पुन्हा कुंडलं आहेत, नथी आहेत, अंगठ्या आहेत. इतकं आणतात, की पुढच्या अध्यायात पुरे झालं, आता आणू नका, असं मोशेला सांगावं लागतं.

माणसं तीच आणि कानातलं सोनंही तसंच. एकदा त्याचं वासरू झालं, एकदा निवासमंडप झाला. फरक सोन्यात नव्हता आणि सोनं आवडण्यातही नव्हता. पहिल्या वेळी देवाला यायला उशीर होतोय म्हणून लोकांनी त्याच्या जागी बसवायला काहीतरी घडवून घेतलं. दुसऱ्या वेळी तो मध्ये राहायला येणार म्हणून हातातलं पुढे केलं. ख्रिस्ती माणसाने जगाच्या वस्तूंना भिऊन राहू नये, असं मला यावरून वाटतं. भ्यायचं ते त्या रिकाम्या जागेला. देवाची वाट बघणं नकोसं झालं, की त्या जागी बसायला काहीही चालतं: सोनं, प्लॉट, लेकीचा रँक, कधीकधी मंडळीतलं आपलं नाव आणि मान.

झुबे ट्रेमध्ये परत ठेवले. तासाभरात ते विकले गेले, माझ्याच हातून.

६.००

दुसरी गर्दी. एकाला मोठा हार रोखीत हवा होता आणि बिल दोन नावांवर तोडून हवं होतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही, हे मी सांगितलं, शेठनीही सांगितलं. गिऱ्हाईक उठून गेलं. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. नाही म्हणायचं ते आधीच ठरलेलं असलं, की नाही म्हणायला वेळ लागत नाही.

८.३०

माल मोजणी. प्रत्येक ट्रेचे नग, प्रत्येक ट्रेचं वजन, विक्रीची चिठ्ठी आणि काटा यांचा मेळ. मेळ बसेपर्यंत कोणी घरी जात नाही.

दर गुरुवारी पिंप्राळ्याला घरसभा असते, ती आज चुकली. एरवी मी शेवटची प्रार्थना तरी गाठते. आमचे पाळक यावर बरं बोलतात: ज्या दिवशी दुकानात उभं राहणं भाग आहे, त्या दिवशी दुकानातच नीट उभं राहा. सभेच्या हजेरीपटावर देव पहिला आहे का हे ते बघत नाहीत. पण सारख्या तीन सभा चुकल्या, तर ते घरी येऊन विचारतात, आणि विचारणारं माणूस असावं लागतं. एकट्याने क्रम टिकत नाही. म्हणूनच मंडळी आहे.

१०.००

वरण-भात झाला. हे धुळ्याहून आले, येताना आईला भेटून आले. तिघं बसून घराचा हिशेब लिहितो. लेकीलाही बसवतो, कारण फीचा आकडा तिने बघावा आणि दशांशाचाही. भिशीच्या पैशातून आईच्या डोळ्याचा खर्च लिहिला. पत्र्यांसाठी दर महिन्याला थोडं द्यायचं ठरलं. त्यासाठी माझ्या साडीचे आणि यांच्या नव्या फोनचे पैसे वळवले. झुब्यांच्या पुढे काही लिहिलं नाही. लेकीला आज दुपारचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजीला नीट दिसलं पाहिजे, तिला माझा पांढरा कोट बघायचा आहे.

झोपण्याआधी नीतिसूत्रांतली आगूराची प्रार्थना आम्ही आमच्या शब्दांत करतो. गरिबी नको, श्रीमंतीही नको, रोजची भाकरी दे. भरल्या पोटी तुला विसरायला नको आणि रिकाम्या पोटी चोरी करायला नको. लाखालाखाचे दागिने दिवसभर लोकांच्या गळ्यात घालून आलेल्या बाईला ही प्रार्थना मनापासून करता येते की नाही, यावर माझा दिवस कसा गेला ते मी ओळखते. आज करता आली.

मला विचारणाऱ्या बायकांना आता सांगते. देव पहिला आहे का, हे उपासनेत गाताना कळत नाही. गाताना तो सगळ्यांचाच पहिला असतो. दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या आणि त्यांतली एकच घेता येणार असली, की तेव्हा कळतं. पगाराच्या दिवशी कळतं, रविवारी सकाळी कळतं, आणि ज्याला हिशेब कळत नाही अशा गिऱ्हाइकासमोर कळतं. अशा वेळी काय करायचं ते शांत असताना ठरवा, घरातल्यांना सांगून ठरवा आणि लिहून ठेवा. इच्छा राहतील, त्या राहू द्या. त्यांतल्या कित्येक देवानेच दिल्या आहेत. त्यांना मागच्या जागी बसायला शिकवणं हे रोजचं काम आहे, आणि ते भाकऱ्या थापण्याइतक्याच नेमाने, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा करावं लागतं.